साप जेवतो तोंडाने, पचवतो पेटीने

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांचे आणि केकचे पुडे सापडले. पुड्यांत बिस्किटं नव्हती, ११ साप होते. ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक. महसूल गुप्तचर संचालनालयाने ते ताब्यात घेतले. त्यानंतरही अशा बातम्या येतच राहिल्या आणि प्रत्येक वेळी आमच्याकडे चहाच्या वेळी तोच प्रश्न निघतो: हे घेतं कोण? आणि घेतलंच, तर त्याला खायला काय घालतात?

मला याचं उत्तर बहिणीच्या फ्रीजरमध्ये मिळालं. ताई इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. तिच्याकडे गेले असताना नारळाचा चव काढायला गॅरेजमधला फ्रीजर उघडला, तर खोबऱ्याच्या पाकिटाखाली दुसरं पाकीट होतं आणि त्यात एका ओळीत झोपवल्यासारखे पांढरे उंदीर. मी किंचाळले. भाचा शांतपणे म्हणाला, "मावशी, ते लाडूचं आहे." लाडू म्हणजे त्याचा बॉल पायथन. हा अजगर घाबरला की डोकं मध्ये घेऊन स्वतःचा घट्ट गोळा करतो, म्हणून बॉल आणि म्हणून लाडू. (खोबरं मी त्या दिवशी वापरलं नाही. ताईने वापरलं.)

पंधरा दिवस त्या घरात राहून आणि भाच्याला प्रश्न विचारून विचारून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. आपण विचारतो की साप खातो काय. पाळणारा माणूस आधी विचारतो की तो राहतो किती अंशांवर. हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच.

सिग्नलला इंजिन बंद करणारं जनावर

शाळेत आपण 'शीतरक्ती' हा शब्द शिकलो. शब्द थोडा फसवा आहे, कारण उन्हात पहुडलेल्या सापाचं रक्त चांगलं गरम असतं. अर्थ एवढाच की अंगातली ऊब तो स्वतः तयार करत नाही, बाहेरून घेतो.

तुम्ही-आम्ही सिग्नलला उभ्या असलेल्या रिक्षासारखे आहोत. हलत नसलो तरी इंजिन चालू आणि तेल जळतंय. झोपेतसुद्धा अंग ३७ अंशांवर ठेवायचं म्हणून दिवसातून तीनदा जेवायचं. सापाने हे इंजिन बंद ठेवलेलं असतं. म्हणून मोठा बॉल पायथन दोन-तीन आठवड्यांतून एकदा जेवला तरी त्याचं भागतं. तो बिचारा उपाशी राहत नाही, त्याचा खर्चच कमी आहे.

पण याची दुसरी बाजू अशी की इंजिन सुरू करायची किल्ली त्याच्याकडे नाही. ती खोलीच्या तापमानाकडे आहे.

पोटात लग्नघर

बर्मीज पायथन या मोठ्या अजगरावर शास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे. मोठं भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांत त्याचं हृदय सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. आतडं वाढतं, यकृत वाढतं. अन्न पचलं की सगळं पुन्हा आकसून पूर्वीसारखं होतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे लग्नघर आहे. एरवी दारात मांडव नसतो, आचारी नसतात, मोठी पातेली भाड्याने आणलेली नसतात. कार्य ठरलं की एका दिवसात सगळं उभं राहतं आणि उरकलं की उतरवलं जातं. रोजच्या स्वयंपाकघरासारखं आतडं बारा महिने चालू ठेवणं सापाला परवडत नाही.

आता कल्पना करा, मांडव पडला, पंगत बसली आणि गॅस संपला. थंडीत इडलीचं पीठ रात्रभर ठेवूनही फुगत नाही, हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. सापाने उंदीर गिळला आणि त्याला ज्या पेटीत ठेवलंय ती थंड पडली, तर पाचकरस कामच करत नाहीत. उंदीर मात्र आत कुजायला लागतो. मग साप तो ओकून टाकतो आणि ओकणं हे सापासाठी मोठं दुखणं असतं. अन्नासोबत पाचकरस जातात, घसा पोळतो, पुढचे दोन-तीन आठवडे त्याला खायला देता येत नाही. म्हणूनच जेवल्यावर निदान दोन दिवस त्याला हातात घ्यायचं नाही. भाच्याच्या दारावर त्या दोन दिवसांत चिठ्ठी लागते: "लाडू जेवलाय."

पेटीत ऊन आणि सावली

मग पेटी सरळ गरम ठेवली की झालं? इथेच नवखे चुकतात. पेटी सगळीकडे सारखी गरम नको असते. एक टोक ऊबदार आणि दुसरं टोक गार हवं.

थंडीत आजोबा अंगणात खुर्ची टाकतात ते आठवा. सकाळी उन्हात, दहाला अर्धी सावली, अकराला सरळ पेरूच्या झाडाखाली. कोणी त्यांना तापमान सांगत नाही, ते खुर्ची सरकवतात. सापाला आणि गेको या पाळीव पालीला हीच खुर्ची सरकवण्याची सोय द्यायची असते. बॉल पायथनच्या पेटीत गरम टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि गार टोकाला २५ ते २७ ठेवतात. जेवला की तो गरम टोकाला जाऊन पडतो, पचत आलं की सरकतो. म्हणजे पचनाचा गॅस लहान-मोठा करणं तो जागा बदलून करतो.

ही ऊब देतात खालच्या किंवा बाजूच्या तापणाऱ्या गादीने, नाहीतर वरच्या दिव्याने, आणि या सगळ्यावर थर्मोस्टॅट लागतोच. फ्रीज, इस्त्री, गीझर यांत असतो तोच, ठरलेल्या अंशाला वीज तोडणारा. त्याची तापमान मोजणारी वायर साप जिथे पडतो तिथे टेकवायची. काचेला चिकटवलेला गोल तापमापक हवेचं तापमान दाखवतो, खालची फरशी ४५ वर गेली तरी त्याला पत्ता नसतो. आणि साप बाजूला होईल या भरवशावर राहू नये. तापलेल्या पृष्ठभागावर पडून राहून पोटाची चामडी भाजलेले साप प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेहमी येतात. निसर्गात ऊब वरून, उन्हातून येते. अंगाखालची जमीन भाजून काढेल, हे त्याच्या शरीराला ठाऊक नाही.

दुसरी गरज लपायच्या जागेची. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ भागात हा अजगर दिवसा उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत पडून असतो. त्याला ऐसपैस पोकळी नको, सगळ्या बाजूंनी अंगाला लागणारं बीळ हवं. आणि अशी बिळं दोन्ही टोकांना हवीत. एकच बीळ गरम बाजूला ठेवलं तर भित्रा साप उकाड्यात शिजत बसेल, पण उघड्यावर येऊन गार टोकाला जाणार नाही. सुरक्षित वाटणं आणि योग्य तापमान यांतून एक निवडायची वेळ त्याच्यावर आणायची नाही.

पेटी केवढी असावी, यावर पाळणाऱ्यांत भांडणं आहेत. पैदास करणारे व्यापारी कपाटाच्या खणांसारखे सपाट प्लास्टिकचे डबे रचून ठेवतात. साप त्यात जगतो, जेवतो, अंडीही घालतो, म्हणून ते म्हणतात सगळं ठीक आहे. माझं मत साफ विरुद्ध आहे. खाटेपुरत्या खोलीत माणूसही जगतो. सापाला निदान पूर्ण लांबीने सरळ होता यावं, म्हणजे सव्वा मीटरच्या सापाला तेवढी तरी लांब पेटी, ही मागणी जास्त नाही.

पाण्याचं भांडं वेटोळं घालून बसता येईल एवढं आणि हवेत ओल ५५ ते ७० टक्के. ती राखायला नारळाच्या सोडणाचा भुसा घालतात, म्हणजे आपलं कुंड्यांत घालायचं कोकोपीट. ओल कमी पडली की कात एका तुकड्यात निघत नाही. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधाळ निळसर होतात, त्याला नीट दिसत नाही, तो चिडका होतो. त्या दिवसांत जेवणही देत नाहीत आणि हातही लावत नाहीत.

मेलेला उंदीर? तोही फ्रीजरमधला?

"साप ताजं खातो, शिळं कसं खाईल," असं माझ्या आईचं म्हणणं. बहुतेकांचं हेच असतं. पण मेलेल्या उंदराचं कारण सापाच्या जिवाशी आहे. कोंडलेल्या जागेत जिवंत उंदीर सोडला आणि साप भुकेला नसला, तर उंदीर गप्प बसत नाही, तो सापाला कुरतडतो. पाठीचं हाड दिसेपर्यंत खाल्लेले साप असतात. शिवाय उंदरालाही ते मरण भयंकरच. म्हणून इंग्लंड-अमेरिकेत उंदीर त्यासाठीच वाढवून, वायूने मारून, गोठवून, आकारानुसार पाकिटांत विकतात. अंगावर केस न आलेल्या गुलाबी पिल्लाला 'पिंकी' म्हणतात आणि तिथून पुढे मोठ्या घुशीएवढ्या उंदरापर्यंत मापं असतात. कोणतं द्यायचं? ढोबळ नियम असा की सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा, त्याहून जाड नको.

एका शनिवारी मी पाहिलं. भाच्याने आदल्या रात्री उंदीर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला होता. संध्याकाळी तो पिशवीतच गरम पाण्याच्या भांड्यात सोडला. मायक्रोवेव्ह चालत नाही. बाहेरून शिजतो, आत बर्फ राहतो आणि कधी कधी फुटतो. (हे ऐकल्यावर ताईच्या मायक्रोवेव्हकडे मी दोन दिवस पाहिलं नाही.) उंदीर कोमट झाला, टिपकागदाने पुसला, लांब चिमट्यात धरला आणि लाडूच्या बिळासमोर हळूच हलवला.

आधी नुसती जीभ. मग बिळातून डोकं एक इंच पुढे. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर खाचांची रांग असते. त्या खाचा उष्णता ओळखतात, म्हणजे अंधारातही कोमट उंदीर त्याला दिव्यासारखा 'दिसतो'. थंड उंदराकडे तो ढुंकून पाहत नाही ते यासाठी. मग जे झालं ते माझ्या डोळ्यांनी टिपलंच नाही. चिमटा रिकामा होता आणि उंदराभोवती तीन वेटोळी होती. मेलेल्या उंदरालाही तो पंधरा मिनिटं आवळून धरून बसला. नंतर जबडा उघडला. सापाचा जबडा निखळतो असं म्हणतात, तसं काही होत नाही. खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीशी हाडाने जोडलेलेच नसतात, ताणणाऱ्या पट्टीने जोडलेले असतात. डावी बाजू पुढे, मग उजवी, मग डावी. पायजम्यात नाडी ओवताना आपण पिन सरकवतो, तसं.

महिनोनमहिने जेवलाच नाही तर?

बॉल पायथन उपासाला चातुर्मासवाल्यांना हरवेल. धडधाकट मोठा अजगर हिवाळ्यात किंवा विणीच्या काळात तीन-चार महिने तोंड फिरवून बसतो, हे नेहमीचं आहे. पाळणारे घाबरून रोज उंदीर नाचवतात आणि त्याने तो आणखी बिथरतो. जाणते लोक आधी पेटीचं तापमान, ओल आणि बिळं तपासतात, वजन काट्यावर करून लिहून ठेवतात आणि वाट पाहतात. वजन टिकून आहे तोवर चिंता नाही. लहान पिल्लू मात्र दर आठवड्याला जेवायला हवं, तिथे इतका धीर धरून चालत नाही.

पालीचं ताट वेगळं

सापाचं एक बरं असतं. पूर्ण उंदीर म्हणजे पूर्ण थाळी. मांस आहे, हाडांतलं कॅल्शियम आहे, यकृतातली जीवनसत्त्वं आहेत. त्यामुळे चिकनचे तुकडे देऊन भागत नाही, पण अख्खा उंदीर दिला की वर काही लागत नाही.

गेको म्हणजे पालीच्या कुळातले प्राणी. पाळण्यात सगळ्यात जास्त दिसतो तो लेपर्ड गेको, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेला. मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आसपासच्या कोरड्या प्रदेशातला. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, याला असतात. आणि बोटांना चिकटपणा नाही, त्यामुळे तो काचेवर चढू शकत नाही. स्वभावाने सापापेक्षा बराच सोशिक.

त्याला लागतात जिवंत, हलणारे किडे: रातकिडे, पाळीव झुरळं आणि मिलवर्म, म्हणजे एका भुंग्याच्या अळ्या. भाच्याच्या खोलीत एक डबा दिसला, मला वाटलं रवा. झाकण उघडलं तर कोंड्यात शेकडो अळ्या. जुन्या रव्यात अळी निघाली म्हणून आपण आख्खा डबा उन्हात टाकतो आणि इथे माणसं पैसे मोजून त्या आणतात, वर त्यांना गाजर खायला घालतात!

गाजराला कारण आहे. किडा म्हणजे नुसता भात. पोट भरतं, पण त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी. तेवढ्यावर ठेवलं तर गेकोचं शरीर स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढून वापरतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, पाठीला कुबड येतं. म्हणून किड्यांना आधी पौष्टिक खाऊ घालायचं आणि मग पिशवीत कॅल्शियमची पूड टाकून हलवायचं, पुरणपोळीचा गोळा पिठीत घोळवतात तसं. ते कॅल्शियम अंगी लागायला 'ड' जीवनसत्त्व हवं. ते पुडीतून देतात किंवा हल्ली सौम्य अतिनील दिव्यातून. किडा केवढा? गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा. पिल्लाला रोज, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा. उरलेले रातकिडे पेटीतून काढायलाच हवेत, नाहीतर रात्री तेच गेकोला चावतात.

तब्येत शेपटीवरून कळते. शेपटी जाड, गुबगुबीत असेल तर घरात साठा आहे. बारीक होत चालली तर काहीतरी बिघडलं. एक कोपरा ओल्या शेवाळाने भरलेल्या डब्याचा हवा, कारण कात बोटांवर अडकून राहिली तर ती दोऱ्यासारखी आवळते आणि बोट गळून पडतं.

"आमचं घर शाकाहारी आहे, आम्हाला चालणारं काही आहे का?" असं विचारणारे भेटतात. जवळात जवळ जाणारा क्रेस्टेड गेको. न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा. तो नामशेष झाला असं समजलं जायचं, १९९४ मध्ये पुन्हा सापडला. त्याला फळांची आणि प्रथिनांची तयार पूड पाण्यात कालवून देतात. पण त्या पुडीतही बऱ्याचदा किड्यांची भुकटी असते, आणि निसर्गात तो किडेही खातोच. लेपर्ड गेकोला किंवा सापाला शाकाहारी करायला जाल तर तो मरेल. मन मानत नसेल तर पाळू नये, बस.

मग नागोबाचं दूध?

दूध हे सस्तन प्राण्यांचं काम. सापाची आई दूध पाजत नाही आणि सापाच्या पोटात ते पचवायची सोय नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग वाटीत तोंड घालायचा, कारण त्याला आधी कित्येक दिवस तहानेलेला ठेवलेला असे. समोर जे ओलं आलं ते तो प्यायचा आणि पुढे पुष्कळदा मरायचा.

"जंगलात कोण थर्मोस्टॅट लावतं?"

कोणी नाही. तिथे त्याच्याकडे अख्खं रान असतं. ऊन तापलं तर वारुळात दोन हात खाली, गारठलं तर तापलेल्या खडकाखाली. आपण ते सगळं काढून घेऊन चार फुटांची पेटी दिली. मग रानाची कामं पेटीने करायला नकोत का?

आपल्याकडे पाळता येतो का?

नाग, घोणस, धामण, आपला अजगर: भारतातल्या रानातला साप पकडून घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. 'बिनविषारी आहे, शेतात सापडला' ही सबब चालत नाही. सर्पमित्रानेही पकडलेला साप वन खात्याला कळवून सोडायचा असतो, घरी ठेवायचा नसतो. महाराष्ट्रात लेपर्ड गेकोच्या नात्यातल्या जातीही आहेत. सातपुड्यातल्या एका जातीचं वर्णन तर २०१४ मध्ये झालं. लोक त्या विषारी समजून मारतात. जगातली एकही गेको विषारी नाही.

परदेशी जातींचं गणित वेगळं. बॉल पायथन हा आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या म्हणजे साइट्सच्या यादीत आहे. कायद्यात २०२२ ला झालेल्या दुरुस्तीनंतर या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी करायची असते. तिचे नियम २०२४ मध्ये आले आणि नोंदणी 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर होते. बिस्किटाच्या पुड्यातून आलेल्या सापाची अशी कागदपत्रं कुठून येणार? विकणारा 'सगळं लीगल आहे' म्हणतो, तेव्हा पावती आणि आयातीचा परवाना दाखव म्हणायचं. तो गप्प झाला तर उत्तर मिळालं.

कागद असले तरी हवामान आहे. या विषयावरचं बहुतेक लिखाण थंड देशांतलं, त्यामुळे त्यात सगळी चिंता ऊब कशी द्यायची याची. नागपुरात मे महिन्यात ४५ अंश असतात. तिथे पेटीचं गार टोक आणायचं कुठून? क्रेस्टेड गेको तर २८ अंशांच्या पुढेच कासावीस होतो, म्हणजे त्याच्यासाठी एसी, आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर मुंबई-पुण्याबाहेर शोधावेच लागतात. आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर तूर्त नकोच, या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जुलाब लावणारे जंतू असू शकतात. मोठ्यांनीही हात लावल्यावर साबणाने धुवायचे.

जमलं नाही तर सोडून देऊ, हा विचार तर मुळीच नको. फ्लोरिडाच्या दलदलीत पाळलेले बर्मीज पायथन सुटले किंवा सोडले गेले. आज तिथे त्यांची प्रजा इतकी वाढली आहे की ससे आणि रॅकून दिसेनासे झालेत आणि सरकार अजगर पकडायला पैसे देतं.

आणि हे किती वर्षं?

लेपर्ड गेको १५ ते २० वर्षं. बॉल पायथन सहज २० ते ३०. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात साठीच्या पुढच्या एका बॉल पायथन मादीने २०२० मध्ये अंडी घातली, आणि तिची नराशी गाठ पडून पंधराहून जास्त वर्षं झाली होती.

भाच्याने लाडू घेतला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. सप्टेंबरात तो शिकायला एडिंबरोला गेला. तिथल्या खोलीत प्राणी ठेवू देत नाहीत. गेल्या शनिवारी मी ताईला फोन केला, तर म्हणाली, "थांब गं, नंतर बोलते. उंदीर गरम पाण्यात आहे."